साळू चितारणीची हाक

भातात मीठ होतं, तरी साळूला तो अळणी लागला. एवढीशीच गोष्ट. तिने आणखी एक घास घेतला, जिभेवर घोळवला. काहीच चव नाही, ओला कापूस चघळावा तसं. भिवराकाकू ताट न्यायला आली, तेव्हा साळूला वाटलं विचारावं, काकू, आज मीठ विसरलीस का. पण विचारून उपयोग नव्हता. काकू उत्तर देणार नव्हती. पट बसला होता.

पट बसणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

नदीच्या वळणावरचं ते गाव हळदाई देवीचं. दर चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि देवळात नवा पट टांगायचा. पट म्हणजे चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेल्या कापडावर काढलेलं देवीचं चित्र, माणसाच्या उंचीचं. जुना पट त्याच दिवशी नदीला द्यायचा. पट काढायचा मान गावातल्या चिताऱ्यांच्या एकुलत्या एका घराचा. माघ सरला की चितारी देवळामागच्या खोलीत जाऊन बसे; यालाच पट बसला म्हणत. बाहेरून कडी लागे. ती उघडे थेट जत्रेच्या सकाळी. तोवर ताट आणि तांब्या खिडकीच्या गजांखालून आत जाई, आणि लोक त्याच खिडकीतून पटाचं काम बघून जात.

आणि एक नियम होता. खोलीतल्या चिताऱ्याशी कुणी बोलायचं नाही. त्याने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ओ दिली तर देवी पटातून उठते, ओ देणाऱ्याच्या मागोमाग त्याच्या घरी जाते आणि तिथलं एक माणूस नेते, असं सगळं गाव मानत होतं.

खरं सांगायचं तर हा नियम साळूच्या पणजोबांनी स्वतःच मागून घेतला होता. लोक त्यांना कामात फार छळायचे. कुणी म्हणे, माझ्या दारावर दोन मोर काढा. कुणी म्हणे, पोरीच्या लग्नाचा पाट रंगवून द्या. पणजोबा वैतागले. तेव्हाच्या पाटलाला म्हणाले, "मला बाहेरून कडी घाला, आणि माझ्याशी कुणी बोलू नका म्हणावं." त्यांची ती सोय होती. पणजोबा गेले, आजोबा गेले, आणि सोयीची शिस्त झाली. पुढे कधीतरी कुणीतरी त्या शिस्तीला देवीची भीती जोडली. मग ती मोडायची छाती कुणाची होणार?

साळूचा बाप कोंडाजी गेल्या जत्रेला वारला. याच खोलीत. शेवटची काही वर्षं त्याचे हात कापायचे, तळवे काळे पडले होते, पायांना मुंग्या यायच्या. गाव म्हणायचं, देवी मुरली याच्या अंगात. त्याचं ताट तेव्हा साळूच आणायची. एके दिवशी ताट सरकवताना आतून त्याने हाक मारली, "साळू." साधीच, घरात मारायचा तशी. साळू दचकली. तिने पदराने दोन्ही कान झाकले आणि खिडकीखाली भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. मग थांबला. जत्रेच्या सकाळी कडी काढली, तेव्हा तो पटापाशी बसल्या बसल्या गेलेला होता, आणि पट पुरा झाला होता.

"भाग्याचा माणूस," सटवाजी गुरव म्हणाला. "सेवा संपवून गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूनेही डोलावली. आपण मान का डोलावली, हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. रडू आलं नाही, नुसती झोप उडाली. भांडं पडलं तरी ती उठून उभी राहायची.

चिताऱ्याच्या घरात आता तीच उरली होती, म्हणून यंदा खोलीत ती बसली.

भाताची चव गेली, त्यानंतर बोटांच्या टोकांना बधिरपणा आला. कुंचला धरलाय की नाही, ते बघून खात्री करावी लागे. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या. तोंडाला सतत तांब्याच्या भांड्याचा वास. साळूने स्वतःची समजूत घातली. खोली कोंदट आहे. मी फार विचार करते. मी आधीपासूनच भित्री आहे. पण रोज सकाळी ती आधी नखं बघायची आणि मग देवीकडे.

हळदाई पिवळी. मुकुट पिवळा, अंग पिवळं, पदर पिवळा. ते पिवळं हळदीचं नव्हे, हळद उन्हाने उडते. ते हरताळाचं. हरताळ म्हणजे सोन्याच्या वर्खासारखा चमकणारा दगड. तो खलात बारीक घोटायचा आणि बाभळीच्या डिंकात कालवायचा. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. त्याला टोक आणायचं असलं, की तो ओठांत धरून हळूच ओढायचा. बापानेच शिकवलं होतं, "ओठांतून काढला की सुईसारखा होतो बघ." बापाचे ओठ नेहमी पिवळे असत. लहानपणी साळू त्यांना हसायची.

एकदा सकाळी तिने पाहिलं, पिवळ्याच्या वाटीकाठी माश्या मरून पडल्या होत्या. गेरूच्या वाटीकाठी एकही नव्हती. काजळाच्या, निळीच्या, चुन्याच्या, कुठल्याच नाही. तिने मेलेल्या माश्या काडीने दूर केल्या आणि वाटी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा मात्र तिच्या हातून कुंचला गळला. तिला बापाचे काळे तळवे आठवले, त्याचे कापणारे हात आठवले. देवी मुरली होती म्हणे. देवीने काय केलं होतं यात? वाटीतल्या दगडाने केलं होतं.

भिवराकाकू, म्हणजे सटवाजी गुरवाची बायको, ताट घेऊन आली. साळू खिडकीशी धावली. धावली म्हणजे, भिंतीला धरत गेली.

"काकू, ऐक ना. या पिवळ्यात विष आहे. आबा यानेच गेले. मलाही बाधलंय. वैद्याला सांग. काकू?"

ताट घेतलेला हात गजांखाली थांबला. काकूची नजर खाली, जमिनीवर. ताट नेणाऱ्या बाईने खोलीत बघायचं नाही, असंही ठरलेलं होतं. मग ताट आत आलं, आणि पावलं निघून गेली.

पण दुसऱ्या दिवशी ताटात नेहमीच्या फडफडीत भाताऐवजी मऊ भात होता आणि वाटीत ताक होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. म्हणजे काकूला ऐकू गेलं होतं. साळू ते ताक प्यायली आणि पहिल्यांदा रडली. काकूने ऐकलं याचा आनंद करायचा की तेवढ्यावर ती थांबली याचं दुःख, तेच तिला कळेना.

मग तिने येईल त्याला सांगायचं ठरवलं. पाटील आणि सटवाजी पट बघायला आले. दोघे गजांना नाक लावून उभे राहिले.

"पाटीलकाका, मला बाहेर काढा," साळू म्हणाली. "मी मरेन इथे."

पाटील तिच्याकडे बघत होता, आणि पलीकडे पटाकडे. "हात कापतोय पोरीचा," तो सटवाजीला म्हणाला.

"कापणारच की. देवी उतरतेय. कोंडाजीचा नव्हता कापत?" सटवाजी म्हणाला. "पदराच्या चुण्या बघा, पाटील. वारा लागल्यासारख्या हलतात. धडधाकट हाताने असलं काही होत नाही."

"पाटीलकाका, तुम्ही मला ओळखता ना? मी साळू."

पाटलाचा चेहरा जरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. साळूच्या बारशाला त्याच्या घरून गूळ आला होता. त्याने घसा खाकरला, उपरणं नीट केलं आणि सटवाजीलाच म्हणाला, "पोर बापावर गेली हो." मग दोघे गेले. जाताना सटवाजीने पटाला हात जोडले.

साळूने दारापाशी जाऊन त्याला खांदा लावून पाहिला. सागवानी दार. तिच्यात आता घागर उचलायचीही ताकद नव्हती. ती खाली बसली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली.  मग ती उठली, पिवळ्याची वाटी कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि तिच्यावर पाट पालथा घातला. आता मेली तरी ती त्या वाटीला हात लावणार नव्हती.

पण देवीचा चेहरा अजून कोरा होता. आणि गप्प बसून राहिलं, की कानात ती हाक यायची. घरातली, साधी. साळू. ती ऐकत बसण्यापेक्षा काम करणं तिला सोपं वाटलं.

तिने काजळ घेतलं, गेरू घेतला, चुना घेतला. कुंचला ओठांना न लावता पाण्याने टोक काढलं, आणि देवीचा चेहरा काढायला घेतला. गावाच्या देवीचे ओठ कायम मिटलेले असत, गालात हसणारे. साळूने तोंड उघडं काढलं. हाक मारणाऱ्या माणसाचं उघडं असतं तसं. बापाला हाक मारताना तिने पाहिलं नव्हतं, ती तर भिंतीला टेकून कान झाकून उभी होती. पण ऐकलं होतं. जे ऐकलं ते ती काढत गेली. मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे दाराकडे लागलेले. रंग पांढुरका, आजारी. जे जे अंगात दुखत होतं ते बोटांतून खाली उतरत होतं, आणि उतरल्यावर थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, कमी दुखत होतं.

पाय गेले, तेव्हा ती आडवी पडून देवीच्या पायांशी काढू लागली. पटाच्या तळाला भक्तांची रांग काढायची रीत होती. आजवरचे चितारी तिथे मनाने कुठलीही माणसं काढत. साळूने खरी माणसं काढली. गलमिशीवाला पाटील. नाकावर चामखीळ असलेला सटवाजी. सोनार, तेली, कासार, पाणवठ्यावरच्या बायका. सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांच्या नजरा देवीच्या मुकुटाकडे. आणि तिने कुणालाच कान काढले नाहीत.

खिडकीशी गर्दी होऊ लागली.

"अगं, हा बघ, तुझा दादला. ढेरी सोडली नाही पोरीने."

"आणि ही तू. बुगडी कुठाय तुझी?"

"बुगडी कुठली? कानच नाहीत मला. विसरली वाटतं."

"चित्रातल्या माणसाला कान लागतात कशाला? मोठी आलीय ऐकणारी."

बायका खुदखुदल्या. साळू जमिनीवरून म्हणाली, "वैनी, जरा कडी काढा ना. कुणीतरी काढा." हसणं थांबलं.  मग एक आवाज म्हणाला, "चला गं, उन्हं कलली," आणि खिडकी मोकळी झाली.

चित्राची बातमी लांब गेली. पलीकडच्या तीरावरून लोक नावेतून येऊ लागले. देवीचं ते तोंड बघून बायका डोळे पुसत. एक म्हातारा तर गजांना धरून हुंदके देऊन रडला. मग चर्चा सुरू झाली, देवी मागते काय.

"खणनारळ मागते," सटवाजी ठामपणे म्हणाला. "इतकी वर्षं तोंड मिटून होती, आता मागतेय."

लोक खणनारळ आणू लागले. खिडकीच्या चौकटीत नारळ रचले गेले. एकावर एक, वर बांगड्या, वर फुलं. खोलीत अंधारून आलं. वारा बंद झाला. साळूची हाक नारळांच्या शेंड्यांत अडकून पडू लागली. बाहेर ती कण्हण्यासारखी ऐकू जाई. लोक म्हणत, "देवी हुंकार देते," आणि आणखी नारळ आणत.

या सगळ्या काळात साळूने एका माणसाला हाक मारणं सोडून दिलं होतं. भिवराकाकूला. त्याला कारण होतं. खिडकीतल्या बोलण्यातून तिला कळलं होतं, काकूच्या सुनेचे, तुळसाचे, दिवस भरले होते. आधीची दोन बाळं हाताला लागली नव्हती. ओ देणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. साळूला ते खरं वाटत होतं का? दिवसा वाटत नव्हतं. पण ते साफ खोटं आहे, असं छातीवर हात ठेवून तिला म्हणवतही नव्हतं. लहानपणापासून ऐकलेली भीती अशी सहज जात नाही. म्हणून ताट आलं की ती गप्प पडून राहायची, आणि काकूही गप्प ताट सरकवायची. कधी ताक, कधी पेज. आताशा ताट आत यायलाही नारळांतून वाट काढावी लागे.

आणि शेवटी तिने काकूलाही रांगेत काढलं. अगदी टोकाला, हातात ताट घेतलेली, नजर खाली. तिला मात्र कान काढले. दोन्ही, नीट, पाळ्यांसकट. ते काही बक्षीस नव्हतं. काकू ऐकत होती, म्हणून काढले. साळूला खोटं काढायचं नव्हतं.

जत्रा उद्यावर आली. दुपारी पालखी नदीवर न्हायला निघाली. ढोल वाजले, सगळं गाव पालखीमागे गेलं आणि देवळाचं आवार सुनं पडलं. साळू जमिनीवर पडून होती. पोटात मुरडा येऊन गेला होता आणि दुसरा येणार हे कळत होतं. उचल म्हटलं तरी हात ऐकत नव्हता. उद्या सकाळी कडी निघेल, तोवर आपण नसू, हे तिला अगदी साधेपणाने कळलं. पट पुरा झाला होता. सटवाजी काय म्हणेल तेही तिला ठाऊक होतं. आणि सगळे माना डोलावतील.

बाहेर पावलं वाजली. एकाच माणसाची, थोडी फरफटणारी. भिवराकाकू. सून अवघडलेली, म्हणून ती नदीवर गेली नव्हती.

नारळ बाजूला सारल्याचा आवाज झाला. एक सुटला, बाहेर फरशीवर आपटून गडगडत गेला. खोलीत उजेडाची पट्टी पडली, थेट पटाच्या तळावर, रांगेच्या टोकाला. ताट काही आत आलं नाही.

साळूने मान वळवली. गजांआड काकूचा चेहरा होता. नजर खाली नव्हती. काकू पट बघत होती. सगळ्या रांगेवरून तिची नजर सरकली, एकेक माणूस करत, आणि टोकाला येऊन थांबली. तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"तुला बोल लावत नाही काकू," असं साळूला म्हणायचं होतं. तुळसाचंही काहीतरी म्हणायचं होतं, सांभाळ तिला, असं. पण श्वास फार थोडा उरला होता आणि तो कशावर खर्च करायचा ते ठरवायला हवं होतं. बापाला काय वाटलं असेल, हे तिला तेव्हा कळलं. माणूस शेवटी मोठं काही म्हणत नाही. ओळखीच्या माणसाचं नाव घेतो.

"भिवराकाकू," ती म्हणाली.

नदीवर ढोल जोरात चालले होते. काकूने मागे वळून घराच्या दिशेला पाहिलं. तुळसा तिथे एकटी होती.  काकूने गज घट्ट धरले, इतके की हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. साळूला वाटलं, आता पावलं वाजतील. लांब जाणारी.

"आई हळदाई," काकू हळूच म्हणाली, देवीकडे न बघता, "माझ्या सुनेला हात लावशील तर तुझं माझं काही राहणार नाही."

मग ती खिडकीवर वाकली आणि घरातल्या माणसाला देतात तशा आवाजात म्हणाली, "ओ. ओ, साळू. आले गं."

तात्पर्य: दुसऱ्याच्या दुःखातून उमटलेल्या चित्रापुढे हात जोडणं सोपं असतं. पण ते दुःख सोसणारं माणूस हाक मारत असेल, तर आधी ओ द्यावी आणि दार उघडावं. चित्र नंतर पाहता येतं.